दुभाष्याला कोण कुरतडतंय

काकांना ऑफिसात काका म्हणायला नेमकी कधी सुरुवात झाली, याची नोंद कुठेही नाही. काकांनी शोधून पाहिली होती. त्याआधी ते दादा होते. मग एका सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी कुणीतरी "काका, जरा सरकता का" म्हणालं आणि काका सरकले. तिथेच चूक झाली.

दादा असतानाच त्यांनी दुभाष्या लिहिला होता. दुभाष्या म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांचं एक अवजार. तेव्हा चार ब्राउझर चालायचे आणि चौघांची तोंडं चार दिशांना असायची. चौकटीचे कोपरे गोल कर म्हटलं, की पहिला करायचा. दुसरा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि काहीच करायचा नाही. तिसरा करायचा, पण त्या भानगडीत अख्खी चौकट पानाच्या तळाशी नेऊन ठेवायचा. चौथ्यासाठी गोल कोपऱ्यांची चार चिमुकली चित्रं काढून ती चारही टोकांना चिकटवावी लागत. दुभाष्या या सगळ्यांच्या मध्ये उभा राहायचा. आपण त्याला एकदाच सांगायचं. चौघांना त्यांच्या-त्यांच्या बोलीत पटवून द्यायचं काम त्याचं.

काकांनी तो फुकट वाटला. बघता बघता अकरा हजार वेबसाइटींनी तो घेतला. एका परिषदेत त्यांना भाषणाला बोलावलं आणि निघताना एक मग दिला. मगावर छापलं होतं : 'दुभाष्या. ९,२०० ओळी, एकही तक्रार नाही.' यातला पहिला भाग खरा होता.

त्यानंतर बरीच वर्षं गेली आणि बावीस तारखेला साहेबांचं पत्रक आलं. साहेब काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान होते आणि दुभाष्या वापरायला काकांकडूनच शिकले होते, ही गोष्ट दोघंही सभ्यपणे विसरले होते. पत्रकात लिहिलं होतं की येत्या तीन तारखेच्या बैठकीत प्रत्येक अवजाराच्या जबाबदार व्यक्तीने उभं राहून ते अवजार कशासाठी आहे ते सांगावं. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास अवजार काढून टाकण्यात येईल 'व संबंधित व्यक्तीच्या अनुभवाचा अन्यत्र उपयोग करून घेण्यात येईल.'

अन्यत्र म्हणजे खालचा मजला. तिथे फोन होते. पान उघडत नाही असं सांगायला ग्राहक फोन करत आणि त्यांना आधी कॉम्प्युटर चालू आहे का हे विचारावं लागे. हलत्या चित्रांचं अवजार चालवणारा एकेकाळचा उस्ताद तिथे दोन वर्षं कानाला यंत्र लावून बसला होता. जिन्यात भेटला की तो काकांकडे बघून मान हलवायचा. दोन वर्षं काकांनी तो नमस्कार समजला होता.

त्यांनी तयारीला म्हणून दुभाष्याची फाइल उघडली. तिच्यात कित्येक वर्षांत डोकावायची वेळ आली नव्हती. ते फक्त तक्रारींची पेटी बघत, आणि तक्रारी वर्षागणिक कमी होत गेल्या होत्या. अवजार ठणठणीत असल्याचा याहून मोठा पुरावा काय असणार?

फाइलमध्ये चारशे बारा ओळी होत्या.

काकांना आधी वाटलं, चुकीची फाइल उघडली. मग वाटलं, उरलेली खाली असेल. त्यांनी खाली जाऊन पाहिलं. खाली काही नव्हतं. मग त्यांनी खुर्ची फिरवून सगळ्या ऑफिसवर एक नजर टाकली. सगळे काम करत होते. ते काकांना फारच संशयास्पद वाटलं.

कोणती ओळ कुणी, कधी आणि का बदलली याची वही कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. काकांनी ती उघडली. पहिली नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, दुपारी बरोबर एक वाजता, कुणीतरी येऊन दुभाष्याचा एक तुकडा कापून नेत होतं. कधी दोनशे ओळी, कधी वीस. एखाद्या महिन्यात काहीच नाही, म्हणजे चोर रजेवर गेला असावा. प्रत्येक नोंदीसमोर कारणाच्या जागी तीनच शब्द : हे आता नको.

आणि प्रत्येक नोंदीखाली नाव होतं दाढीचं. दाढी म्हणजे काकांच्या शेजारी बसणारा जुना सहकारी. तो नोकरी सोडून गेला, त्याला सात वर्षं झाली होती.

गेलेला माणूस येऊन काम करत नाही, एवढं काका शिकलेले होते. म्हणजे दाढीच्या नावाने दुसरंच कुणीतरी. त्यांनी मनातल्या मनात यादी केली. पहिली नवी. नवीला येऊन दोन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणाला घेतलंच नसल्यामुळे ती नवीच राहिली होती. चोरी नऊ वर्षांची होती, पण संशयाला एवढा हिशेब लागत नाही. पहिल्याच आठवड्यात तिने काकांना, अगदी गोड आवाजात, विचारलं होतं की हे सगळं ब्राउझर आता स्वतःच करतो ना? काकांनी तेव्हा हसून सोडून दिलं होतं. आता त्यांना ते हसणं परत घ्यावंसं वाटलं. दुसरे साहेब. त्यांना काकांची खिडकीजवळची जागा हवी होती, असं काकांना खिडकीकडे बघणाऱ्या साहेबांच्या नजरेवरून वाटत आलं होतं. तिसरा खुद्द दाढी. तो भांडून गेला होता. भांडण काय होतं ते काकांना आठवेना, म्हणजे फारच गंभीर असणार.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावर चढून दुभाष्याच्या सगळ्या ओळी छापून बांधलेलं पुस्तक शोधलं. नऊ हजार दोनशे ओळी होत्या, हे सिद्ध करायला काहीतरी हवं ना. पुस्तक सापडलं नाही. जुने कीबोर्ड सापडले नाहीत, तारांची खोकी सापडली नाहीत, तो वजनदार मॉनिटरही नव्हता. माळ्यावर एक सूटकेस होती आणि खूप उजेड होता.

काकांनी शिडीवरूनच बायकोला विचारलं, घरात कोण येऊन गेलं.

"कुणी नाही. मीच काढते, दर महिन्याला एक वस्तू. एकदम काढलं असतं तर तू शोक केला असतास." ती सोफ्यावर पाय घेऊन पेपर तपासत होती, शाळेत शिकवत असल्यामुळे तिला चुका वर न बघता दिसत. "सहा वर्षं झाली. आज पहिल्यांदा चढलास."

मला न विचारता का, असं काकांनी विचारलं. तिने लाल पेनाने कुठेतरी फुली मारली आणि म्हणाली, की विचारलं असतं तर लागेल म्हणाला असतास. काका शिडीवरून उतरले. ऑफिसातला प्रकार आणि घरातला प्रकार यांत काही साम्य असेल, अशी शंका या शंकेखोर माणसाला त्या वेळी अजिबात आली नाही.

शनिवारी काका दाढीच्या दुकानात गेले. दाढीने चष्म्यांचं दुकान काढलं होतं आणि दाढी काढून टाकली होती. काकांना हेही खटकलं. ओळख बदलायची गरज कुणाला पडते?

"ये, बस," दाढी म्हणाला आणि त्याने काकांना डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. उलटतपासणी घ्यायला आलेल्या माणसाने त्या खुर्चीत बसू नये, हे काकांना ती लोखंडी चौकट नाकावर चढल्यावर कळलं. तरी त्यांनी सुरुवात केली. दुभाष्याचं काय झालंय, तुला माहीत आहे का?

"समोरची ओळ वाच. हे बरं दिसतं की हे?"

"दुसरं. दर एक तारखेला तुझ्या नावाने कुणीतरी—"

"आता? हे की हे?"

"पहिलं. कुणीतरी तुकडे काढून नेतंय. नऊ वर्षं."

दाढी थांबला. हातातली काच तशीच धरून तो हसायला लागला. "म्हणजे माझं नाव अजून तिथे कामाला आहे? लेका, मी असताना तरी एवढं नियमित काम करत नव्हतो."

त्याला काही माहीत नव्हतं, निदान तसं त्याने सांगितलं. त्याचा पासवर्ड तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होता, कारण तो मॉनिटरला चिकटवलेला असायचा. भांडणाबद्दल विचारलं तर म्हणाला, कसलं भांडण, आपण तर रडलो होतो त्या दिवशी. काकांनी हेही संशयाच्या खात्यात टाकलं. निघताना दाढीने चष्म्याचा नंबर लिहून दिला. जवळचं दिसत नाही तुला, म्हणाला. बाकी ठीक आहे.

पुढचा आठवडाभर काका नवीच्या पाठीमागे उभे राहून पाणी पीत होते. इतकं पाणी कुठलाही माणूस पीत नाही. नवी वळून बघायची, काका पेला उंच करायचे. तिच्या स्क्रीनवर प्रत्येक वेळी तिचंच काम असायचं, आणि ही सावधगिरी काकांना अधिकच अस्वस्थ करून गेली.

एक तारीख सोमवारी आली. काकांनी सकाळी जाहीर केलं की आज त्यांचा वाढदिवस आहे, सगळ्यांनी एक वाजता एकत्र जेवायचं. वाढदिवस पाच महिन्यांपूर्वी होऊन गेला होता, पण तो तेव्हा कुणाच्या लक्षात राहिला नव्हता, त्यामुळे धोका नव्हता. ऑफिसात मिळून सात माणसं. सातही लांब टेबलाभोवती आली. काकांनी आपला लॅपटॉप डब्याशेजारी उघडा ठेवला आणि जेवणाऐवजी हात मोजले. साहेबांच्या दोन्ही हातांत पाव होता. नवी संत्रं सोलत होती. बाकीच्यांचे हात आपापल्या डब्यांत.

एक वाजला. लॅपटॉपवर नवी नोंद उमटली. चारशे बाराच्या तीनशे एकाहत्तर झाल्या. हे आता नको.

चौदाही हात जागेवर होते. दाढीचं नाव, रिकामं ऑफिस, भरलेलं टेबल. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा भुताचा विचार केला आणि तांत्रिक शिक्षण झाल्यामुळे लगेच सोडून दिला. नोंद कुठल्या यंत्रावरून आली, ते त्यांनी उघडून पाहिलं. पत्ता बाहेरचा नव्हता. यंत्र याच मजल्यावर होतं आणि ऑफिसच्या यंत्रांच्या यादीत नव्हतं.

काकांनी डबा बंद केला, भिंतीजवळ जाऊन तारांची पेटी उघडली आणि जी तार यादीत बसत नव्हती तिच्या मागे निघाले. तार भिंतीच्या कडेने खालून जात होती, म्हणून काकाही खालून गेले. ज्याचा वाढदिवस आहे असा माणूस टेबलावरून उठून गुडघ्यांवर रांगत निघाला, तरी कुणी काही विचारलं नाही. एका वयानंतर माणसाला हे स्वातंत्र्य आपोआप मिळतं.

तार सामानाच्या खोलीत शिरली, कागदाच्या गठ्ठ्यांच्या मागे. काकांनी गठ्ठे बाजूला केले. मागे एक करडा कॉम्प्युटर जमिनीवर बसला होता, अंगावर बोटभर धूळ, आत पंखा घुरघुरत होता. त्याच्या कपाळावर चिकटपट्टीने कागद लावला होता : 'बंद करू नये. काम चालू आहे.' खाली सही होती, 'दादा.'

अक्षर काकांचं होतं.

त्यांनी कोपऱ्यातला एक जुना स्क्रीन आणून त्याला जोडला. आत एकच प्रोग्राम होता. वर, वाचणाऱ्याला समजावं म्हणून, लिहिलं होतं : 'दर महिन्याला चारही ब्राउझरना विचारायचं, हे तुम्हाला स्वतःला जमतं का. चौघंही हो म्हणाले, तर आपला तुकडा काढून टाकायचा. काही बिघडलं तर परत ठेवायचा. उगाच कुणाच्या अंगावर ओझं नको.'

मग सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार. काकांचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला, म्हणून ते दाढीच्या जागी बसलेले. दुभाष्या इतका पसरला होता, की ब्राउझर बनवणारेच त्यातल्या गोष्टी बघून त्या आपल्या घरात आणायला लागले होते. आज गोल कोपरे, उद्या आणखी काही. काकांना तेव्हा ते अपमानाचं वाटलं नव्हतं. उलट, दुभाष्यातली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे असं वाटलं होतं आणि पुढच्या परिषदेत ती सांगायची असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या परिषदेला बोलावलं नाही. एका तासात प्रोग्राम लिहिला, एका टाकून दिलेल्या यंत्रावर दाढीच्या नावाने चालू केला, पाटी लावली, आणि विसरून गेले.

"सापडलं वाटतं," दारातून नवी म्हणाली. तिच्या हातात अर्धं संत्रं होतं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यातच. सफाईवाले व्हॅक्यूम लावायला याची पिन काढतात. मी परत लावते. दोनदा लावली." तिने पाटीकडे बोट केलं. "बंद करू नये लिहिलंय ना."

"ते काय करतं, ते वाचलंस?"

"वाचलं तर. तीनदा." ती जरा घुटमळली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असणार, काका. तुम्हीच लिहिलंय. पाणी आणू का?"

काकांनी तिला संशयाबद्दल काही सांगितलं नाही. तिला तो पेल्यावरून आठवडाभर कळतच होता. तिने संत्र्याची एक फोड त्यांना दिली आणि, बैठकीत साहेब ओळी मोजतात, वाचत नाहीत, ही माहिती सहज दिल्यासारखी देऊन ती गेली. वहीतून जुनं सगळं परत आणायला एक आज्ञा पुरते, हे तिने सांगितलं नाही. ते काकांना ठाऊक होतं.

जागेवर येऊन काकांनी ती आज्ञा दिली. नऊ हजार दोनशे ओळी निमूट परत आल्या. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी एका ग्राहकाचं पान उघडून पाहिलं. आधी क्षणात उघडणाऱ्या पानाला आता एक जांभई देऊन होईपर्यंत वेळ लागला. चौकट दिसली. ब्राउझरने स्वतः गोल केलेल्या चारही कोपऱ्यांवर दुभाष्याने आपली जुनी चार चित्रं इमानेइतबारे आणून चिकटवली होती. चौकटीला चार काळे ठिपके आले होते, भिंतीवर राहून गेलेल्या खिळ्यांसारखे.

काका बराच वेळ ते ठिपके बघत बसले. खालच्या मजल्यावर फोन वाजला, कुणीतरी उचलला. मग त्यांनी आज्ञा मागे घेतली. तीनशे एकाहत्तर.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने दर महिन्याला एकच तुकडा ना, असं विचारलं आणि पद्धत चांगली आहे म्हणाली. काकांनी ताटातला शेवटचा घास संपवला. मग त्यांनी विचारलं, "माझा नंबर कधी?"

"तू अजून लागतोस," ती म्हणाली. "बरण्यांची झाकणं उघडायला."

तीन तारखेच्या बैठकीत काकांच्या आधी चौघं उभे राहिले. एकाने आपलं अवजार का अपरिहार्य आहे हे चाळीस मिनिटं सांगितलं, चित्रं दाखवली, आवाज चढवला. साहेबांनी पेन ठेवून त्याच्याकडे पाहिलं आणि ते अवजार काढून टाकायला सांगितलं. जेवढा जोर तेवढी भीती, असा साहेबांचा हिशेब असावा. बाकीच्या तिघांचंही गेलं.

काका उठले. दुभाष्या कशासाठी आहे, साहेबांनी विचारलं.

"चौघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यासाठी होता," काका म्हणाले. "आता येते. पानावर तारीख निवडायचा एक तुकडा उरलाय, बाकी माझं नाव, वापराच्या अटी आणि आभार. हे आता नको."

साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं. मग ते काकांकडे, खिडकीकडे आणि पुन्हा काकांकडे बघत राहिले. काकांनी ही नजर ओळखली. गेले दहा दिवस ती त्यांच्याच चेहऱ्यावर होती.

"स्वतःचं अवजार कुणी नको म्हणतं का?" साहेब हळूच म्हणाले. "काका, तुम्ही सांगत नाही असं काहीतरी आहे यात."

काकांनी आहे ते सांगितलं, सामानाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसकट. त्यामुळे तर साहेबांची खात्रीच पटली. यादीत नसलेलं यंत्र, सोडून गेलेल्या माणसाचं नाव, स्वतःला कापत जाणारं अवजार. यातलं काहीही काढलं तर कुठे काय कोसळेल याचा नेम नाही, असं त्यांचं मत पडलं. दुभाष्याला वर्षभर कुणी हात लावायचा नाही. काकांनी जागेवरच राहायचं आणि लक्ष ठेवायचं.

बैठक संपल्यावर साहेबांनी नवीला एकटीलाच बोलावून घेतलं. ती बाहेर आली ती थेट काकांच्या टेबलाशी.

"तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय," ती म्हणाली. "गुपचूप. दर महिन्याला अहवाल द्यायचाय."

"मग ठेव."

तिने खुर्ची ओढली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, एक वाजता, दोघं डबे उघडून स्क्रीनसमोर बसले. चौथ्या ब्राउझरला अखेर तारखा जमू लागल्या होत्या. तारखांचा तुकडा गेला. हे आता नको. सामानाच्या खोलीतला पंखा मात्र घुरघुरत राहिला. काम संपलं तर काय करायचं, हे त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं.

नवीने अहवाल काकांना वाचायला दिला. 'काका वेळेवर येतात. दुभाष्या स्थिर आहे. तक्रार एकही नाही.' काकांनी नवा चष्मा लावून तो दोनदा वाचला, 'स्थिर'च्या आधी 'अत्यंत' घालायला सांगितलं आणि कॉफी आणायला उठताना मग सोबत घेतला. त्याच्यावरचा दुसरा भाग आता खरा होता.